चांदी सारखी का उलटतेय?

वाचकाचं पत्र, थोडं आवरतं घेऊन (भरवणं म्हणजे कृत्रिम रेतन, कांडी म्हणजे त्यासाठीची गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, आणि उलटणं म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणं):

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही फलटण तालुक्यातले. दोन एकर ऊस आणि सहा एचएफ क्रॉस (होल्स्टिन-फ्रिजियन संकरित) गाई आहेत. चांदी दुसऱ्या वेताची, २ नोव्हेंबरला व्याली. वार (गर्भाचं आवरण) पडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाने हात घालून ओढून काढली. पुढे १९ डिसेंबर, ९ जानेवारी, २० फेब्रुवारी आणि २० मार्चला भरवली. शेवटची कांडी कालवडच होणारी, महागातली होती. तरी १० एप्रिलला परत उलटली. या वेळी भरवली नाही. दूध अजून १४ लिटर आहे. दुसरी राणी, पहिलारू, २५ नोव्हेंबरला व्याली. १८ लिटर दूध देते पण माजच दाखवत नाही, बरगड्या दिसायला लागल्यात. सकाळची धार हे मशीनवर काढतात आणि साडेपाचला डेअरीला जातात. संध्याकाळची मी बघते, गाय हंबरताना मला तेव्हाच दिसते. हे कारखान्यावरून रात्री येतात, सकाळी डॉक्टरांना फोन करतात, डॉक्टर चारच्या पुढे येतात. शेजारी म्हणतात, माजावर आणायचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून तुम्हीच द्या, नाहीतर गावातला वळू लावा. हे म्हणतात दोन्ही सांगोल्याच्या बाजारात नेऊ. सासूबाई मोड आलेली मटकी चारायला सांगतात. भरवल्यावर दोन दिवसांनी रक्त पडतं, म्हणजे कांडी वाया गेली का? आणि १६ महिन्यांची कालवड आहे, ती कधी भरवू?

ताई, तुम्ही औषध विचारलंय, पण मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या तुमच्या तारखा. एरवी पत्र येतं ते "चार-पाच वेळा भरवली, राहत नाही" एवढंच, आणि त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. तुम्ही कॅलेंडरवर खुणा केल्यात, त्यामुळे गाय न बघताही बरंच कळतं. आधी तेच वाचू.

गाईचं ऋतुचक्र सरासरी २१ दिवसांचं. १८ ते २४ दिवसांत पुन्हा माज आला तर चक्र नीट चाललंय असं धरायचं. चांदीचे १९ डिसेंबर ते ९ जानेवारी २१ दिवस झाले, बरोबर. ९ जानेवारी ते २० फेब्रुवारी ४२ दिवस. २१ दुणे ४२. म्हणजे ३० जानेवारीच्या आसपास एक माज येऊन गेला आणि तो गोठ्यात कोणालाच दिसला नाही. आणि २० फेब्रुवारी ते २० मार्च २८ दिवस. हा आकडा २१ मध्येही बसत नाही आणि ४२ मध्येही नाही.

असा आकडा आला की दोन शंका घ्यायच्या. पहिली, दोन्हीपैकी एक माज खरा नव्हता, गाय नुसती ओरडली आणि आपण कांडी भरून मोकळे झालो. पण फेब्रुवारीचा माज मागच्या हिशोबात नेमका बसतो, आणि मार्चचा पुढच्या १० एप्रिलशी, तिथे पुन्हा २१ दिवस आहेत. दोन्ही माज खरेच दिसतात. मग उरते दुसरी शंका: फेब्रुवारीत चांदी गाभण राहिली होती आणि तो गर्भ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गेला. गर्भ १६-१७ दिवसांचा झाला की 'मी आहे' असा रासायनिक निरोप आईच्या पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, देतो. तो निरोप पोचला की अंडाशयावरचा पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, गाभ टिकवणारी गाठ) टिकतो आणि पुढचा माज थांबतो. निरोप दिल्यावर गर्भ मेला तर माज परत येतो, पण उशिरा. गर्भ तेव्हा इतका छोटा असतो की शेणमुताच्या जागेत काही दिसत नाही. शेतकरी म्हणतो "उलटली", आणि तो सगळा दोष कांडीवर किंवा कांडी भरणाऱ्यावर जातो.

हे माझं अनुमान आहे, तपासणी नव्हे. पण ते खरं असेल तर एक चांगली गोष्टही कळते. चांदीचं अंडाशय काम करतंय आणि तिच्या पोटात गर्भ तयार होऊ शकतो. वांझ म्हणून तिला बाजार दाखवायचं काही कारण नाही. गर्भ टिकत नाहीये, आणि त्याचं मूळ बहुधा नोव्हेंबरात आहे.

वार. निरोगी गाईची वार व्याल्यापासून ८ ते १२ तासांत आपोआप पडते. २४ तास उलटले तरी लोंबत राहिली तर ती अडकली. तेव्हा हात घालून ओढण्याचा मोह सगळ्यांना होतो, वास येतो, माशा बसतात, घरचे गडबड करतात. पण वार पिशवीला बटणासारख्या गाठींवर जोडलेली असते. ओढली की त्या गाठी सोलवटतात, तुकडे आत राहतात आणि बाहेरची घाण आत जाते. दगड किंवा चप्पल बांधून ठेवणं हाही तोच प्रकार. पुढच्या वेळी तसं झालं तर वार तशीच राहू द्या, गाईचा ताप मोजा आणि डॉक्टरांना बोलवा. ताप असेल, गाय खात नसेल तर औषध लागतं. नसेल तर ती काही दिवसांत कुजून आपोआप पडते. ज्यांनी हात घातला त्यांच्यासाठीही सांगते: सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेल्ला हा रोग अडकलेल्या वारेतून माणसाला होतो. उघड्या हाताने वार कधीच हाताळू नका, आणि त्यांना पुढे वरचेवर ताप, सांधेदुखी सुरू झाली तर दवाखान्यात ही गोष्ट आवर्जून सांगायला सांगा.

नेहमीच्या गाईची पिशवी व्याल्यावर मूळ आकाराला यायला ४० ते ४५ दिवस घेते. वार अडकलेल्या गाईला त्याहून जास्त लागतात. तुम्ही चांदीला ४७व्या दिवशी भरवलंत. तो माज सोडून द्यायला हवा होता; ६० दिवसांच्या आत मी चांगल्या गाईलाही हात लावू देत नाही. पिशवीत हलकी सूज किंवा संसर्ग राहिला असेल तर बाहेरून काही दिसत नाही. पू येत नाही, चक्र चालू राहतं, गाय खाते-पिते, दूध देते. फक्त गर्भ तिथे रुजत नाही, किंवा रुजला तर टिकत नाही.

याची पहिली तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. माजाचा सोट, म्हणजे माजावर गाईच्या मागून येणारा चिकट स्राव, बघा. तो काचेसारखा स्वच्छ, लांब तार धरणारा हवा. काळ्या फरशीच्या तुकड्यावर किंवा काचेवर घेऊन उजेडात धरा. त्यात पांढरे कण, दुधट गढूळपणा, पिवळसर दोरा दिसला तर त्या माजाला कांडी भरायची नाही, मग डॉक्टर दारात येऊन उभे राहिलेले असोत. सोट स्वच्छ दिसला तरी डॉक्टर 'व्हाईट साइड' नावाची साधी चाचणी करू शकतात. सोटात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालून गरम करतात. रंग पिवळा झाला तर आत सूज आहे. खर्च जवळपास काहीच नाही. इतकी स्वस्त चाचणी गोठ्यावर इतकी कमी का होते, हे कोडं मला सुटलेलं नाही.

आता पत्रातला तो भाग, जो तुम्ही सहज लिहून गेलात. माज बघता तुम्ही, फोन करतात दाजी. या दोघांच्या मधे एक रात्र जाते.

माज टिकतो १२ ते १८ तास. उन्हाळ्यात, जास्त दुधाच्या गाईत तो आणखी आखूड होतो. बीज (स्त्रीबीज) सुटतं माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी, म्हणजे माज सुरू झाल्यापासून जवळपास २८ ते ३० तासांनी. सुटलेलं बीज फलनाच्या कामाचं असतं फार तर ८-१० तास. कांडीतले शुक्राणू गाईच्या शरीरात साधारण एक दिवस तग धरतात, पण आत गेल्या-गेल्या ते तयार नसतात, बीजात शिरण्याची ताकद यायला त्यांना पाच-सहा तास लागतात. म्हणून आमचा जुना नियम: सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर.

तुमच्याकडे संध्याकाळी दिसतो आणि कांडी भरली जाते दुसऱ्या दिवशी चारनंतर. नियमापेक्षा आठ-नऊ तास उशीर हा झालाच. पण खरा उशीर त्याहून जास्त असावा. गाई माजावर जास्त करून रात्री आणि पहाटे येतात, गोठा शांत आणि हवा थंड असते तेव्हा. पहाटे दाजी मशीन लावतात आणि साडेपाचची गाडी गाठतात, त्यांचं लक्ष कॅनकडे असतं. दिवसभर गाई दावणीला. तुम्ही पाचला गोठ्यात येता आणि तुम्हाला हंबरताना दिसते, तेव्हा कदाचित तिच्या माजाचे बारा तास आधीच झालेले असतात. मग दुसऱ्या दिवशी चार वाजता ३५ तास. बीज सुटून गेलेलं, शुक्राणू तयार व्हायचे बाकी. कांडी कितीही भारी असो.

आणि बांधलेली गाय माज दाखवणार तरी कशी? माजाची सगळ्यात पक्की खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी ही हलत नाही, उभी राहते. ही खूण दावणीला बांधलेल्या सहा गाईंत कधीच दिसणार नाही. हंबरणं ही कच्ची खूण आहे. काही गाई माजावर तोंड उघडत नाहीत आणि काही खुराक उशिरा झाला तरी गोठा डोक्यावर घेतात. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी तासभर गाई वाड्यात मोकळ्या सोडा. मुक्त संचार गोठा करायला पैसे नसतील तर नुसत्या चार बांबूंचं कुंपण पुरतं. कोण कोणाच्या मागे फिरतं, कोण कोणाच्या पाठीवर हनुवटी टेकवतं, कोण वरचेवर थोडं-थोडं मुततं, शेपटीच्या मुळाशी कोणाचे केस विस्कटलेत, कोणाच्या मागच्या भागाला वाळलेला सोट चिकटलाय, हे सगळं दिसतं. एका धारेला अचानक दोन-तीन लिटर दूध कमी आलं आणि गाय आजारी नाही, तर दाजींना तिथल्या तिथे कॅन खाली ठेवून मागून बघायला सांगा. रात्री झोपायच्या आधी, नऊ-दहाला, विजेरी घेऊन एक फेरी मारा. बसलेल्या गाईच्या मागे जमिनीवर सोटाचं थारोळं सापडतं, ते उभ्या गाईत दिसत नाही.

आणि फोन तुम्ही करा. तुमच्याकडे मोबाइल आहे, डॉक्टरांचा नंबर दाजींकडून घ्या, आणि माज दिसला की त्याच मिनिटाला सांगा: "अमुक वाजता दिसला, पहाटे बघितलं तेव्हा नव्हता." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं, त्यावरूनच डॉक्टर वेळ ठरवतात. एका डॉक्टरकडे पंधरा गावं असली तर सकाळी सातला यायला त्यांना जमणार नाही कदाचित. अशा वेळी गावात सेवा देणारा दुसरा प्रशिक्षित कृत्रिम रेतन करणारा आहे का, बघून ठेवा. उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने दारात येऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवली ती याच वेळेच्या गणितासाठी. गाय चालवत दवाखान्यात नेईपर्यंत वेळ निघून जायची. दूध संघाकडेही असे लोक असतात.

चांदीचं पुढे काय? घाई नको. १० एप्रिलला भरवली नाही, ते बरं झालं. काही गाई गाभण असतानाही माजाची लक्षणं दाखवतात, आणि अशा गाईला कांडी भरली तर नळी थेट गर्भाला लागू शकते. २० मार्चची कांडी लागलीच नाही असं आपण धरून चाललोय, पण तपासलेलं नाही. तेव्हा आधी गाभण तपासणी. सोनोग्राफी असेल तर ३० दिवसांनंतर कळतं, हाताने तपासायचं तर ६० दिवस थांबावं. सरावाचा हात ४५ दिवसांतही सांगतो. गाभण नसेल तर पुढचा माज २८ एप्रिल ते ४ मे या आठवड्यात येईल. त्या माजाला सोट तपासून घ्या. खराब निघाला तर उपचार करा आणि भरवू नका, त्याच्या पुढच्या माजाला, म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरवा. सोट स्वच्छ असेल तर वेळेवर भरवा, आणि बारा-चौदा तासांनी माज अजून चालूच असेल तर पुन्हा एकदा भरवायला सांगा. काही गाईंत बीज उशिरा सुटतं; त्यासाठी भरवताना द्यायचं संप्रेरकाचं इंजेक्शन असतं, ते द्यायचं की नाही हे डॉक्टर अंडाशय चाचपून ठरवतील. 'पिशवी धुणं' मात्र प्रत्येक उलटणाऱ्या गाईला सरसकट करून घेऊ नका. गरज नसताना आत औषध सोडलं तर चांगली पिशवीही चिडते.

महागाच्या कांडीबद्दल एकच सांगते. साध्या कांडीत २ कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, कालवडीसाठी वेगळे केलेल्या कांडीत २०-४० लाख. निवडून काढताना ते थकतातही. अशी कांडी तरुण, निरोगी, वेळेवर माज दाखवणाऱ्या जनावराला द्यायची असते. तीनदा उलटलेल्या गाईला ती देणं म्हणजे तुमचे पैसे आणि चांगल्या वळूची कांडी, दोन्ही फुकट. चांदीला साधीच द्या.

कोणतीही कांडी असो, ती भरताना शेजारी उभ्या राहा. द्रवरूप नत्रात उणे १९६ अंशांवर ठेवलेली कांडी बाहेर काढली की थेट ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची. तळहातावर चोळून, शर्टाच्या खिशात किंवा बगलेत धरून ती वितळवत असतील तर हटकून सांगा, थर्मास आणि थर्मामीटर तुमच्या घरचा ठेवा हवं तर. कांडीवर छापलेला वळूचा नंबर तारखेसोबत कॅलेंडरवर लिहा. पाच वर्षांनी चांदीच्या मुलीला तिच्याच बापाची कांडी भरली जाऊ नये, यासाठी तेवढा एक नंबर पुरतो.

राणीचं दुखणं वेगळं आहे आणि सोपंही आहे, जरी आत्ता ते उलट वाटत असलं. ती माजावर येत नाही कारण तिच्या शरीराला सध्या दुसरं वासरू परवडत नाही. व्याल्यावर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखराला जातं, पण भूक शिखराला जाते दहाव्या-बाराव्या आठवड्यात. मधल्या काळात गाय स्वतःच्या अंगावरची चरबी जाळून दूध देते. पहिलारूला वर स्वतःची वाढही करायची असते. बरगड्या मोजता येतात म्हणजे तिने अंगावरचं बरंच खर्चून टाकलंय. अशा गाईचं अंडाशय गप्प बसतं. एखाद्या वेळी मुका माज येत असेल, आत बीज सुटतंय पण बाहेर काही खूण नाही, असंही असतं. डॉक्टरांनी हात घालून किंवा सोनोग्राफीने बघितलं की कोणतं ते कळेल: अंडाशय गुळगुळीत आणि छोटं आहे, की त्यावर पीतपिंड आहे.

तुम्ही खुराक किती देता ते लिहिलं नाही, पण ऊसवाल्या घरात काय चालतं ते मला माहीत आहे. तोडणी सुरू असली की गव्हाण वाढ्याने (उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याने) भरते. वाढं फुकट मिळतं आणि पोट भरतं, पण त्यात प्रथिनं नाहीत म्हणावी इतकी कमी, आणि ऑक्झलेट भरपूर. ते ऑक्झलेट चाऱ्यातला चुना (कॅल्शियम) धरून ठेवतं, गाईच्या अंगी लागू देत नाही. वाढं बंद करा असं मी म्हणणार नाही, एप्रिलात दुसरं आहे काय! पण कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, दिवसाच्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, असं द्या. बाकीचा मुरघास किंवा मका, थोडा लसूणघास, थोडा कडबा. खुराकाचा हिशोब अडीच लिटर दुधाला १ किलो, आणि शरीर सांभाळायला वर दीड-दोन किलो. १८ लिटरला हे नऊ किलोंच्या आसपास जातं. चारा उत्तम असेल तर कमी चालतं, पण चार-पाच किलोंत भागवत असाल तर राणीची हाडं दिसणारच. वाढवताना आठवड्याला किलोभर, एकदम नाही, नाहीतर पोट आंबट होऊन खाणंच सोडेल. खनिज मिश्रण रोज ५०-६० ग्रॅम, खुराकात कालवून, बारा महिने. मिठाचा खडा बांधला म्हणजे खनिज दिलं असं नाही.

तिचं अंग महिना-दीड महिन्यात भरायला लागलं की बहुधा माज आपोआप येईल. नाही आला तर इंजेक्शनांचा ठरावीक क्रम असतो: पहिल्या दिवशी एक, त्यानंतर सात दिवसांनी दुसरं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पहिलंच, आणि त्यानंतर १६ ते २० तासांनी माज दिसो न दिसो, कांडी. हे डॉक्टरांनी करायचं. अंगात काही नसलेल्या गाईला हे करून पैसे घालवू नका, आधी खुराक.

इंजेक्शनावरून शेजाऱ्यांचा सल्ला. मेडिकलमध्ये मिळणारं 'माजावर आणायचं' म्हणतात ते बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिन असतं. ते पीतपिंड विरघळवतं, मग गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. पीतपिंडच नसेल, राणीसारखं अंडाशय गप्प असेल, तर ते पाण्याइतकंच उपयोगाचं. आणि गाय गाभण असेल तर ते गाभ पाडतं. न तपासता दिलेल्या या एका सुईने गेलेले गाभ पशुवैद्यकांना नवे नाहीत. अजून एक, हे तुम्हाला मुद्दाम सांगते कारण बाटली-सुई घरात बाईच उचलून ठेवते: हे औषध कातडीतून अंगात जातं. गरोदर बाईने आणि दमा असलेल्या कोणीही त्याला हात लावायचा नाही.

गावातला वळू नको. तो किती गावांतल्या किती गाईंना लागलाय, कोणाला माहीत. पिशवीचे संसर्ग आणि ब्रुसेल्ला तो दारोदार नेतो, आणि तुमची अडचण वळूने सुटणारी नाहीच. एक फायदा लोक बरोबर सांगतात: वळूला माज ओळखता येतो, माणसाला येत नाही. म्हणून तर तुम्हाला पहाटे उठवतेय.

रक्त पडलं म्हणून घाबरू नका. माज संपल्यावर संप्रेरकं खाली येतात, तेव्हा पिशवीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं रक्त झिरपतं. कालवडींत जास्त दिसतं. गाय राहिली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. उपयोग मात्र आहे: न भरवलेल्या गाईत रक्त दिसलं तर दोन-तीन दिवसांपूर्वी माज येऊन गेला आणि आपण चुकलो, एवढं नक्की. त्या माजाची तारीख लिहा आणि तिथून १८व्या दिवसापासून त्या गाईवर डोळा ठेवा. राणीच्या मागे असं रक्त कधी दिसलं होतं का, आठवून बघा. दिसलं असेल तर तिचं दुखणं मुका माज आहे आणि वरचं निम्मं मी उगाच सांगितलं.

सासूबाईंची मटकी द्या. मोड आलेल्या कडधान्यात जीवनसत्त्वं असतात, ओंजळभराने नुकसान काही नाही. फक्त मटकी दिली म्हणून खनिज मिश्रण बंद, असा हिशोब घरात होऊ देऊ नका.

बाजाराचा विचार दाजींनी दिवाळीपर्यंत बाजूला ठेवावा. चांदी मेमध्ये राहिली तर दोन वेतांतलं अंतर साडेपंधरा महिन्यांच्या घरात जाईल. हवं असतं १३, ते साधायला गाय ९०-११० दिवसांत गाभण राहावी लागते. तोटा आहे, पण १४ लिटर देणारी दुसऱ्या वेताची गाय आज पडेल भावाने देऊन तेवढ्याच पैशात तशी गाय मिळणार आहे का, हा हिशोब त्यांनीच करून बघावा. विकत घेतलेली गाय कशासाठी विकली गेली, हे विकणारा सांगत नाही. उपचारानंतर नीट वेळ साधून तीनदा भरवूनही राहिली नाही आणि दूध खर्चाच्या खाली आलं, तर मात्र मी तुम्हाला अडवणार नाही.

उन्हाचं एक राहिलं. फलटणचा एप्रिल-मे एचएफ रक्ताच्या गाईला सोसत नाही. उष्णतेने माज आखडतो आणि लागलेला गर्भ पहिल्याच आठवड्यात मरू शकतो, म्हणून भरवल्यानंतरचे सात-आठ दिवस गाय थंड ठेवणं भरवण्याइतकंच गरजेचं. पंखा, छतावर उसाचं पाचट, दुपारी अंगावर पाणी आणि लगेच वारा. वारा नसताना नुसतं पाणी मारलं तर दमट हवेने गाय आणखी गुदमरते. प्यायला पाणी चोवीस तास समोर हवं. खुराकाचा मोठा वाटा सूर्य उतरल्यावर द्या.

आणि कालवड. १६ महिने हे वय झालं, पण कालवड वयावर नाही, वजनावर भरवायची. एचएफ क्रॉसला २५० किलोंच्या वर, २७५च्या जवळ असेल तर उत्तम. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६२ इंच आणि लांबी ४६ इंच आली तर वजन साधारण २६८ किलो. तेवढी असेल आणि एक-दोन माज नीट २१ दिवसांनी आलेले तुम्ही लिहून ठेवले असतील, तर पुढच्या माजाला भरवा, आणि ती महागाची कालवडवाली कांडी हिला द्या. तिला ४ ते ८ महिन्यांच्या वयात ब्रुसेल्लाची लस दिली होती का, ते तिच्या कानातल्या बिल्ल्याच्या बारा आकडी नंबरावरून सरकारी दवाखान्यात विचारता येईल. आता तिला ती लस देता येणार नाही, पण चांदी किंवा राणी पुढे कालवड व्याली तर तिला चार महिने पूर्ण झाल्यावर लगेच द्यायला सांगा.